बाराव्या चांदाची भरती

त्या काळी कुवेतमध्ये आमच्याकडे पत्रं कमी आणि कॅसेटी जास्त येत. सुट्टी संपवून परतणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून, कुरडयांच्या डब्याला खेटून, रुमालात गुंडाळलेली कॅसेट आमच्या जाब्रियातल्या खोलीत पोहोचे, तेव्हा तिला मेतकुटाचा वास लागलेला असे. तो वास प्लास्टिकमधून जायला दोन-तीन दिवस लागत. मी कॅसेट आधी हुंगत असे आणि मग ऐकत असे.

आम्ही चौघी मराठी बायका दोन खोल्यांत राहत होतो. तिघी परिचारिका होत्या, मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. आमच्यात एक न बोललेला नियम होता, की कुणाचीही कॅसेट आली तरी ती सगळ्यांनी मिळून ऐकायची. एकटीने ऐकणं म्हणजे घरून आलेला डबा दार लावून खाण्यासारखं होतं. कॅसेटवर बोलण्याचाही एक क्रम ठरलेला असे. आधी घरातली मोठी माणसं, मग दीर-जावा, मग शेजारी, आणि शेवटी, फीत उरली तर, लहान मुलं. त्यामुळे माझ्या मुलीचा आवाज नेहमी दुसऱ्या बाजूच्या शेवटाला येई आणि बहुधा मध्येच तुटे.

ती तेव्हा सात वर्षांची होती. तिचे वडील ती तीन वर्षांची असताना गेले. दोन वर्षांनी मी ही नोकरी धरली आणि तिला साताऱ्याला माझ्या सासूबाईंजवळ ठेवलं. नव्वद सालच्या जानेवारीत मी कॅसेटवर तिला एक प्रश्न विचारून पाठवला होता : इकडे माझ्याजवळ राहायला येशील का? रुग्णालयाच्या कार्यालयात अर्ज केला तर तिचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, मिळण्यासारखा होता. अर्ज मार्चअखेरपर्यंत द्यायचा होता. सासूबाईंनी आधीच्या पत्रात एवढंच कळवलं होतं की, पोरीलाच विचार, ती म्हणेल तसं करू. त्या ओळीत मला नकाराची तयारी दिसली होती. आपली नात त्या सोडणार नाहीत, तिच्या तोंडून ‘नाही’ वदवून घेतील, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं.

उत्तर मार्चच्या सुरुवातीला आलं. पहिली बाजू आम्ही चौघींनी मिळून ऐकली. सासूबाईंचा खाकरलेला आवाज, दिरांनी सांगितलेली पाण्याची अडचण, शेजारच्या काकूंनी विचारलेला सोन्याचा भाव. ती बाजू संपली तेव्हा नागपूरची परिचारिका म्हणाली, “चल, आता आमच्या छोट्या बाईसाहेबांचं ऐकू दे. बोलते का अजून तशीच, शाळेत भाषण केल्यासारखी?”

माझ्या हातून कॅसेट पालटली गेली नाही. डोकं दुखतंय म्हणून मी उठले. ते उत्तर मला तीन बायकांच्या नजरांखाली ऐकायचं नव्हतं. आणि त्या दोन खोल्यांत नजर नसलेली जागा एकच होती, न्हाणीघर. तिथे नळ ठिबकत असे.

म्हणून त्या आठवड्याच्या गुरुवारी मी समुद्रावर गेले.

नेणारी होती आमच्या रुग्णालयातली एक साहाय्यक, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची. मी तिला भाभी म्हणत असे. तिचा नवरा शहरातल्या शर्क भागात, मासळीबाजाराजवळच्या एका दुकानात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याच्या बोटांना कायम वितळलेल्या कथलाचा वास असे. हिवाळा संपेपर्यंत कुवेतमधली माणसं वाळवंटात किंवा किनाऱ्यावर तंबू ठोकून राहतात. मंगफ गावाच्याही पुढे, दक्षिणेला, सरकारने तंबूंसाठी मोकळा ठेवलेला एक वाळूचा किनारा होता. नवराबायको दर वर्षी एकदा तिथे जात. “तू पण चल,” भाभी म्हणाली होती. “तुला निराळा तंबू देतंय. तुझ्यासारखी माणसं चार भिंतीत सुकतात.”

मी बॅगेत दोन साड्या, शाल, माझा छोटा टेपरेकॉर्डर आणि त्याच्या पोटात ती कॅसेट ठेवली.

शहर संपल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळवंट बारीक पिवळ्या फुलांनी भरलेलं होतं. काटेरी, गुडघ्याएवढी झुडपं, आणि फुलं इतकी लहान की त्यांचा रंग जमिनीवर सांडल्यासारखा वाटे. दूर तेलविहिरींच्या ज्वाला भर दुपारीही दिसत होत्या. मग अचानक रस्ता वळला आणि समुद्र आला. मी घाटावरची. समुद्र म्हटलं की गर्जना, फेस, वास, एवढंच मला ठाऊक. हा समुद्र तसा नव्हता. फिकट हिरवा, उथळ, पाण्यापेक्षा काचेला जवळचा. त्याला मासळीचा वास नव्हता, भिजलेल्या मिठाच्या पोत्याचा वास होता. लाटा लहान होत्या आणि त्यांच्या आवाजात लघू अक्षरंच जास्त. माझ्या वडिलांनी मला लहानपणी कवितेच्या मात्रा बोटांवर मोजायला शिकवलं होतं. ती सवय गेलेली नाही. उतरल्या उतरल्या मी लाटा मोजत उभी राहिले आणि मला त्यांचं वृत्त सापडलं नाही.

तंबू कुठे ठोकायचा, हा प्रश्न भाभीने एका मिनिटात सोडवला. ओल्या वाळूच्या कडेपासून दहा पावलांवर तिने चपला काढून ठेवल्या आणि म्हणाली, “इथंच.”

माझ्या लक्षात आलं की बाकीचे तंबू बरेच मागे, वाळूच्या उंचवट्यावर होते. मोठे, पांढरे, आत गालिचे पसरलेले. तिथून एक म्हातारे कुवेती गृहस्थ खाली आले, आमच्याकडे पाहून समुद्राकडे हात केला, तळवा वरच्या दिशेने दोनदा हलवला आणि अरबीत काही बोलले. भाभीच्या नवऱ्याने छातीवर हात ठेवून त्यांचे आभार मानले.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“वर या म्हणतात. पाणी चढतं.”

“चढू दे ना,” भाभी म्हणाली. “मला नाय कळत काय? आज चांदाची बारावी. बाराला पाऊणने गुण. नऊ. रात्री नऊला भरती, सकाळी नवानंतर पुन्हा. वाळूची ओल कुठवर आली ती बघ. तिच्या पुढं काय येणार? माझ्या बापाचा मचवा होता गो. हा हिशेब मला दूध पिताना शिकवलाय.”

“अगो, हे लोक पण दर्यातलेच,” नवरा म्हणाला. “यांचे आजे बुडी मारून मोती काढायचे.”

“काढायचे. आता एसीत बसतात. तू खुंटी ठोक.”

त्याने खुंट्या ठोकल्या. मला तो हिशेब ऐकून मोठा आनंद झाला होता. चंद्राची तिथी, तिला पाऊणपट, आणि समुद्र तेवढ्या वाजता दारात. असा नेमका, छंदात बसलेला समुद्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. साताऱ्याला आमच्या पंचांगात तीच द्वादशी होती, तीन दिवसांवर होळी होती. एकाच चंद्रावर माझ्या मुलीचीही तारीख चालते आणि माझीही, हे मला त्या क्षणी फार मोठं आश्वासन वाटलं.

संध्याकाळी त्यांनी कोळशावर पापलेटं भाजली. भाभीने डब्यातून तांदळाची भाकरी आणली होती, शिवाय खबूस, तिथली जाड तंदुरी रोटी. मी मासे खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळी वांगी. वाळूवर अनवाणी चालल्याने माझ्या तळव्यांना डांबराचे काळे गोळे चिकटले होते. जहाजांमधून सांडलेलं तेल किनाऱ्याला येऊन थिजतं, ते. भाभीच्या नवऱ्याने रॉकेलचा बोळा दिला आणि मी बसून तळवे पुसत राहिले. क्षितिजावर तेलवाहू जहाजं दिव्यांच्या ओळी लावून उभी होती. ती हलत नव्हती. कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी ती तशीच थांबून होती.

“ऐकलंस काय पोरीचं?” भाभीने विचारलं. तिला मी सगळं सांगितलं होतं.

“आता ऐकते.”

“आता म्हणजे किती वाजता? त्यालाही भरतीसारखी वेळ काढू काय?”

मी हसले आणि माझ्या तंबूत गेले. तंबूचं तोंड समुद्राकडे होतं. टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला, कॅसेट पालटली, बोट बटणावर ठेवलं. दिवसाला चाळीस माणसांची शीर बोटाने चाचपून मी न चुकता सुई घालत असे. पण त्या बटणावर बोट दाबलं गेलं नाही. ‘नाही’ ऐकण्याची भीती होतीच. पण ‘हो’ ऐकलं तर काय, हा विचार मला तिथे, त्या ओल्या कापडाच्या वासात, पहिल्यांदा आला. ती आली तर ती कुणाजवळ येईल? दोन वर्षांत मी तिला फक्त आवाज पाठवला होता.

नऊ वाजता भाभी बाहेरून म्हणाली, “अगो, पाणी कुठं गेलं?” समुद्र दूर, खूप आत सरकला होता आणि ओली वाळू चंद्राखाली शिशासारखी चमकत होती. “उशीर झाला असेल,” ती स्वतःशीच म्हणाली, “इकडच्या दर्यालाही ड्यूटी असेल.” नवरा हसला. तिच्या हिशेबावरचा माझा विश्वास तरीही ढळला नाही. मी टेपरेकॉर्डर बॅगेत ठेवला, बॅग तंबूच्या दाराशी लावली, म्हणजे पहाटे उठून समुद्रासमोर बसून ऐकता येईल, आणि शाल ओढून झोपले.

उजाडण्याआधी भाभी नमाजासाठी उठली आणि वजूसाठी, हातपाय धुवायला, पाण्याचा कॅन शोधायला तंबूबाहेर पाय टाकला, तर पाय पाण्यात पडला. तिची हाक ऐकून मी उठले तेव्हा माझी सतरंजी पोटऱ्यांपर्यंत भिजलेली होती. पाणी थंड होतं आणि अगदी शांतपणे आलं होतं. लाट नव्हती, आवाज नव्हता, फक्त कडा पुढे सरकत होती. दारातली बॅग आडवी होऊन अर्धी बुडाली होती आणि तिच्याभोवती फेसाची एक पांढरी रेघ फिरत होती.

आम्ही तिघांनी सामान उंचवट्यावर नेलं. ते म्हातारे गृहस्थ तिथे उभे होते. त्यांनी आपल्या तंबूतून एक कोरडा गालिचा आणून वाळूवर अंथरला आणि ते आत निघून गेले. भाभी त्यावर बसली नाही. ती पाण्याकडे पाहत उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा अपमान मला अजून आठवतो. घरातल्याच माणसाने परक्यांसमोर खोटं पाडावं, तसा तो होता.

“बापाचा हिशेब चुकीचा नव्हता,” ती म्हणाली.

“तिकडचा होता,” नवरा हळू आवाजात म्हणाला. “तिकडं दर्या उघडा आहे. हा कोंडलेला. याची वेळ निराळी, उंची निराळी.”

मी बॅग उघडली. टेपरेकॉर्डरमधून पाणी गळलं. कॅसेटच्या खिडकीआड खाऱ्या पाण्याचे थेंब होते आणि गुंडाळलेली तपकिरी फीत ओल्या केसांसारखी चमकत होती. त्यावर तिचं उत्तर होतं. मी एक संध्याकाळ ते हातात धरून बसले होते आणि ऐकलं नव्हतं.

भाभीच्या नवऱ्याने कॅसेट माझ्या हातातून काढून घेतली. “ताई, लावून बघू नका. चिकटेल.” त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक बारीक पेचकस होता. गालिच्यावर मांडी घालून त्याने पाच स्क्रू काढले, ते आपल्या टोपीत ठेवले, दोन्ही चकत्या अलगद उचलल्या. पिण्याच्या पाण्याच्या कॅनमधलं पाणी ताटात ओतून फीत त्यात धुतली, पुन्हा ओतून पुन्हा धुतली. मग सुती ओढणीवर, सावलीत, ती सुकत ठेवली. वारा पडलेला होता, ते बरं झालं. सूर्य समुद्रातून वर आला, तंबूंचे दोर वाफाळू लागले, आणि आम्ही तिघं एका फितीभोवती, कुणी आजारी असावं तसे, बसून राहिलो.

जुन्या कवचातली लोखंडी पट्टी गंजणार होती, म्हणून त्याने आपल्या गाडीतली कव्वालीची कॅसेट आणली आणि तीही उघडली.

“कव्वालाचा गळा कापलास,” भाभी म्हणाली. तासाभरात ती पहिल्यांदाच बोलली होती.

“तू रोज म्हणायचीस, बंद कर याला. झाला बंद.”

त्याने माझ्या मुलीची फीत त्या कवचात बसवली, पेन्सिलीने पुढेमागे फिरवली आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. “गाडीतल्या टेपवर लावा. काचा वर करा.” मग बायकोला म्हणाला, “चल, तंबू गुंडाळू.” ते दोघं पाठ करून खाली गेले. मागे वळून एकदाही पाहिलं नाही.

गाडीत तापलेल्या रेक्झिनचा वास होता. मी बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग दिरांचा राहिलेला निरोप, पाण्याखालून यावा तसा लाटालाटांचा. आणि मग ती. “आई, मी बोलतेय. माझा पुढचा दात पडला. बाईंनी मला वर्गात पाढे म्हणायला उभं केलं.” आवाज थरथरत होता, पण तो फितीचा थरथराट होता, तिचा नव्हता. नंतर दुसरा आवाज, कुजबुजता. सासूबाईंचा. मी खाली वाकून कान लावला.

“सांग आता. म्हण, येते म्हणून.”

शांतता. मागे कुकरची शिटी.

“म्हण बाळ. आई वाट बघतेय. येते म्हण.”

“तूच म्हण ना, आजी.”

“मी कशी म्हणू? तुला जायचंय.”

पुन्हा शांतता, इतकी लांब की फीत तुटली असं मला वाटलं. मग मुलगी एकदम, घाईने, निराळ्याच गोष्टीबद्दल बोलू लागली. “आई, मनीला तीन पिल्लं झाली. एकाचे डोळे अजून उघडले नाहीत. आजी म्हणते सगळ्यांचे उघडतात.” खट् असा आवाज झाला आणि पुढे काहीच नव्हतं.

ज्या बाईबद्दल मी महिनोन्महिने मनात वाईट धरलं होतं, ती स्वतःच्या हाताने आपलं घर रिकामं करायला बसली होती, आणि पोर हलत नव्हती. मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही. काच खाली केली. समुद्र परत आत गेला होता आणि आमच्या तंबूच्या जागी चार खुंट्यांची भोकं तेवढी राहिली होती, पाण्याने भरलेली.

“काय म्हणाली?” भाभीने विचारलं.

“येत नाही म्हणाली.”

“तोंडाने?”

“नाही.”

तिने माझा हात धरला. तिच्या तळव्याला ओल्या दोरखंडाचा वास होता. “मग तू काय करतंस?”

गाडीच्या डिकीत दुरुस्त होऊन गिऱ्हाइकाकडे जायचा एक टेपरेकॉर्डर आणि एक कोरी कॅसेट होती. मी ती मागून घेतली, पाण्याजवळ जाऊन बसले आणि बोलले. मांजरीच्या पिल्लाला काय नाव ठेवलंस ते विचारलं. समुद्र रात्री माझ्या अंथरुणात आला, ते सांगितलं. मग गप्प राहून यंत्र तसंच चालू ठेवलं आणि लाटा भरून घेतल्या. मागे कुणीतरी कोळसे पेटवले होते, धूर आला आणि मला खोकला आला. तोही त्यात गेला. तो प्रश्न मी पुन्हा विचारला नाही.

शनिवारी कार्यालयात मी परवान्याचा अर्ज न भरताच परत केला आणि त्याऐवजी लांब सुट्टीचा दिला. सुट्टी जुलैत मिळाली.

साताऱ्याला पोहोचले तेव्हा मुलगी दारात उभी होती. तिने वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. सासूबाईंनी तिला माझ्याकडे ढकललं, तेव्हा ती आली आणि माझ्या कुशीत नीट, शिकवल्यासारखी उभी राहिली. त्या संध्याकाळी अंथरूण घालताना मी तिच्याजवळ बसले आणि गोष्ट सांगू लागले. तिने थोडं ऐकलं, मग आजीला हाक मारली.

“आजी, ही नको. कॅसेटमधली आई लाव.”

सासूबाई माझ्याकडे न पाहता उठल्या. त्यांनी कोनाड्यातून टेपरेकॉर्डर काढला, बटण दाबलं, आणि माझाच आवाज, थोडा उंच, थोडा आनंदी, मच्छरदाणीच्या आत जाऊन तिच्याजवळ निजला. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिथून मला समुद्र ऐकू येत होता.

ऑगस्टच्या सुरुवातीला रेडिओने सांगितलं की इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं. माझी नोकरी, त्या दोन खोल्या, कपाटातल्या साड्या, सगळं एका बातमीत पलीकडे राहिलं. भाभी आणि तिचा नवरा कित्येक आठवडे वाळवंटातून, जॉर्डनच्या सरहद्दीवरच्या छावणीतून, शेवटी रत्नागिरीला पोहोचले. तिचं कार्ड आलं. लिहिलं होतं, छावणीत तंबू होते, पण मी खुंटी कुठे मारायची ते सांगितलं नाही, लोकांनी सांगितलं तिथं मारली. पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याला पुन्हा काम मिळालं आणि तो परत गेला. त्याने कळवलं की त्या किनाऱ्याला आता काटेरी तारा आहेत आणि वाळूत सुरुंग पेरलेले आहेत, कुणी जात नाही. मी गेले नाही. साताऱ्यातच एका खाजगी प्रयोगशाळेत लागले.

पण भाभीचं कार्ड आलं त्याच दिवशीची एक संध्याकाळ मला सांगायची आहे. दिवाळी जवळ आली होती. दोन-तीन महिने मी त्या घरात वावरत होते, वेणी घालत होते, डबा भरत होते, आणि मुलगी मला ‘अहो आई’ म्हणत होती. झोपताना मात्र कॅसेट. त्या दिवशी सासूबाई देवळात गेल्या होत्या. कॅसेट लावायला मीच उठले. ती मच्छरदाणीत पाय दुमडून बसली होती. माझा आवाज संपला, लाटा सुरू झाल्या. ती ओठ हलवत काहीतरी मोजत होती. माझ्या लक्षात आलं, ती लाटा मोजत होती. बोटांवर.

“आता,” ती म्हणाली, “आता तू खोकणार.”

फितीवर मी खोकले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मच्छरदाणीची कड उचलून विचारलं, “तेव्हा तुला सर्दी झाली होती का?”